दोघांपुरती हवा

धाकट्याने बंदूक बनवायला घेतली ती रागाच्या भरात. राग होता भावावर. भाऊ जाऊन बसलेला रात्रभराच्या प्रवासावरच्या शहरात, आणि हाताशी सापडला तो ॲल्युमिनियमचा एक नळा. मग काय, सगळा राग त्या नळ्यावर निघाला. कानस घेऊन असा घासला बिचाऱ्याला की खालच्या शिंपीणबाईंनी वर येऊन विचारलं, "भाऊ, दात घासताय की काय कुणाचे?"

आता धाकटा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोणी पोरगेलासा येईल. तसं नाही. साठी उलटलेला, जिना चढताना गुडघ्यांना शिव्या देणारा, बस डेपोतून निवृत्त झालेला फिटर. पण बंदरावर या दोघा भावांना नावाने हाक मारायची कुणाला सवयच नव्हती. एक थोरला, एक धाकटा. थोरला डेपोत टायरच्या कामावर होता आणि धाकटा दारांवर. गाडीची ती हवेवर चालणारी दारं असतात ना, फुस्स करून उघडतात आणि शेवटच्या माणसाची पिशवी पकडून बंद होतात, ती सगळी याच्या हाताखालून गेलेली. थोरला गाव सोडून गेला तरी हा अजून धाकटाच. कुणापेक्षा धाकटा, हे आता विचारणारंही कोणी उरलं नव्हतं.

सुट्टी आली की दोघं समुद्रात. पाठीवर हवेच्या टाक्या वगैरे थाटमाट नाही. अंगात जुना रबरी सूट, डोळ्यांवर काच, पायात पंखे, आणि छातीत मावेल तेवढा श्वास. तो धरून खाली जायचं, खडकांच्या कपारीत मासा हेरायचा आणि हवेच्या बंदुकीने भाला मारायचा. बंदूक एकच. ती एका खलाशाकडून जुनी विकत घेतलेली, दोघांची मिळून. आणि नियमही एकच: एक खाली, एक वर. खालचा शिकार करतो, वरचा पाण्यावर पालथा पडून त्याच्याकडे बघत राहतो. कारण श्वास धरून खाली गेलेला माणूस बहुतेक वेळा तळाशी मरत नाही. तो वर येता येता, हाताच्या अंतरावर पृष्ठभाग असताना, दिवा विझावा तसा विझतो. ना धडपड, ना आरडाओरडा. वर कोणी बघणारं असेल तर मानेला धरून त्याला बाहेर काढतं. नसेल तर खेळ खलास.

एकदा थोरल्याने धाकट्याला असं काढलं होतं. शुद्धीवर आल्या आल्या पहिली थोबाडीत बसली होती आणि मग मिठी. दोन्ही इतक्या जोरात की जास्त काय दुखलं ते सांगणं कठीण.

असं सगळं आयुष्य गेलं. धाकट्याने लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "वहिनी एकटी दोघांना पुरेशी ओरडते, आणखी एक कशाला?" वरच्या मजल्यावर दोन खोल्या याच्या, समोर दोन त्यांच्या, मधे सामायिक गॅलरी. जेवण तिकडेच. भांडण झालं तर ताट गॅलरीत यायचं, पण यायचं.

मग वहिनीची मूत्रपिंडं गेली. दर दोन दिवसांनी यंत्रावर झोपवून रक्त धुवायचं, आणि ते यंत्र मुलाच्या शहरात. थोरल्याने खोल्या रिकाम्या केल्या आणि बायकोला घेऊन निघाला. यात त्या माणसाचा काय दोष? काहीच नाही. धाकट्यालाही ते कळत होतं. कळतं सगळ्यांना, वळत नाही तिथेच तर घोडं अडतं. गाडीवर सामान चढवायला तोच पुढे होता. गाद्या चढवल्या, डबे चढवले, वहिनीला हात धरून चढवलं. आणि शेवटी थोरल्याने चादरीत गुंडाळलेली एक लांब वस्तू स्वतःच्या हाताने आत नेली आणि सीटखाली सरकवली.

चादरीत गुंडाळली म्हणून काय झालं, धाकट्याने ती अंधारात चाचपून ओळखली असती. बंदूक.

 गाडीचं दार फुस्स करून बंद झालं. दाराची एक पट्टी सैल आहे, हे धाकट्याला तेवढ्यातही दिसलं.

तेव्हापासून जो राग धरला तो धरला. तिथे समुद्र नाही, नदी नाही, धड तळंसुद्धा नाही. तिथे बंदूक नेऊन हा काय करणार? नळाखाली मासे मारणार? बरं, न्यायची तर विचारून न्यायची. दोघांची होती ना? थोरला दर रविवारी फोन करायचा. "जेवलास का?" "हं." "तब्येत?" "ठीक." "समुद्र काय म्हणतो?" यावर धाकटा म्हणायचा, "तिथेच आहे," आणि फोन ठेवायचा. मग पुढचा रविवार येईपर्यंत त्या फोनकडे तिरक्या नजरेने बघत बसायचा. वर्ष होत आलं, बंदुकीचा विषय ना त्याने काढला ना याने.

समोरच्या खोल्या भाड्याने गेल्या नव्हत्या. गॅलरीत वहिनीचा कपडे वाळत घालायचा दोर तसाच होता. धाकटा आपले कपडे त्याच्या अर्ध्याच भागावर घालायचा. का, ते त्याचं त्याला माहीत. संध्याकाळी चहा करताना पातेलं मोठंच घ्यायचा आणि मग उरलेला चहा मोरीत ओतायचा. रोज. एवढ्या दिवसांत माणूस शिकू नये होय? पण नाही.

आणि मग एक दिवस त्याने ठरवलं. त्याने नेली ना? नेऊ दे. आपण आपली बनवू. हवेचं काम आपल्याला कोण शिकवणार? आणि समुद्रात जायला आपल्याला कुणाची गरज नाही. थोरल्यालाच काय ते पोहता येतं होय?

नळा मिळाला भंगारात. दट्ट्या, म्हणजे नळ्यात पुढे-मागे सरकणारा गोळा, तो डेपोतून. मोडीत काढलेल्या गाडीच्या दाराच्या सिलेंडरमधला. धाकट्याच्या हाताखाली शिकलेले फिटर आता तिथे साहेब झालेले. त्यांनी "घेऊन जा हो, काका" म्हणून पिशवीभर रबरी रिंगा, स्प्रिंगा, व्हॉल्व्ह दिले. एकाने लेथवर दट्ट्या हवा तसा उतरवून दिला. "कशाला हवंय?" विचारलं तर हा म्हणाला, "दार बसवतोय घराला." ते हसले. कोणी बसून चहा घ्या म्हणालं नाही. कामाची वेळ होती, त्यांचंही बरोबर होतं.

अशा बंदुकीत गंमत एवढीच की नळ्यात हवा कोंडलेली असते. भाला तोंडातून आत ढकलायचा, म्हणजे तो दट्ट्याला मागे रेटतो आणि दट्ट्या हवेला आणखी दाबतो. शेवटी आतलं कुलूप खट् करून बसतं. चाप ओढला की हवा सगळा हिशोब चुकता करते. सांगायला सोपं. पण कोंडलेली हवा म्हणजे माहेरी जायला निघालेली बाई. फट दिसली की निघाली. महिनाभर धाकटा तिच्यामागे लागला होता. बादलीत नळा बुडवायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते डोळे फाडून बघत बसायचं. चापाच्या बाजूची गळती थांबली की तोंडाकडून सुरू. तोंड बंद केलं की मागून. खोलीभर ग्रीसचा वास. एका खुर्चीवर कानशी, दुसरीवर रिंगांचे डबे, आणि हा आपला जमिनीवर बसून भाकरी खातोय. बसायला खुर्ची नाही याचं त्याला काही वाटत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. घर कसं भरल्यासारखं दिसत होतं.

एक दिवस बादलीतलं पाणी शांत राहिलं. बघतो तर एक बुडबुडा नाही. धाकट्याने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पाणी आरशासारखं. मग त्याच्या तोंडातून जोरात निघालं, "दादा, ये, बघ!"

हाक गॅलरीतून समोरच्या बंद दारापर्यंत गेली. धाकटा ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. त्याला एवढी लाज वाटली की इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

ऐकलं होतं. शिंपीणबाई जिन्यात आल्या होत्या. खाली त्यांचं दुकान. भावांच्या रबरी सुटांची फाटलेली ढोपरं त्यांनीच वर्षानुवर्षं शिवून दिलेली. हाक ऐकली नाही असं दाखवण्याइतक्या त्या भल्या होत्या. बंदूक दोन्ही हातांत घेऊन त्यांनी तिचं वजन केलं.

"छान झालीय हो," त्या म्हणाल्या. "आणि आता हिचं करणार काय?"

"काय म्हणजे? मासे मारणार. उद्या सकाळी जातो."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर कशाला? मला काय वाट माहीत नाही?"

"वाट माहीत आहे हो. वर कोण थांबणार?"

धाकट्याने बंदूक परत घेतली. "तुम्ही थांबता का?" तो खेकसला.

"मला बादलीची भीती वाटते, समुद्राचं काय विचारता," शिंपीणबाई म्हणाल्या. "थोरल्या भाऊंना विचारलंत का?"

"भाऊंना काय विचारायचंय? भाऊंनी मला विचारलं होतं?"

 जिना उतरता उतरता शिंपीणबाई म्हणाल्या, "सुटाचं ढोपर उसवलंय तुमच्या. तेवढं तरी टाकून जा खाली." पण धाकट्याने सूट टाकला नाही. त्याला कुणाचे उपकार नको होते.

त्या संध्याकाळी त्याने हवा भरली. पंप जुनाच होता. थोरला बंदूक घेऊन गेला होता, पंप विसरला होता. की ठेवून गेला होता, देव जाणे. पूर्वी हवा भरायची म्हणजे धाकटा पंप मारणार आणि थोरला नळ्याला कान लावून बसणार. टायरवर सगळी नोकरी काढलेला माणूस. त्याला काटा लागत नसे, आवाजावरून सांगायचा. पंपाचा दांडा हाताला उलट ढकलायला लागला, धाकट्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, की थोरला म्हणायचा, "बास." तो बास म्हणेपर्यंत धाकटा थांबत नसे, आणि त्याने बास म्हटल्यावर एकदाही जास्त मारत नसे.

आज बास म्हणणारं कोणी नव्हतं. पण हातांना आठवत होतं. दांडा तसाच उलट ढकलू लागेपर्यंत त्याने पंप मारला, शिरा तशाच तटतटेपर्यंत. मग स्वतःच मोठ्याने म्हणाला, "बास." खोलीत ते कसंतरीच वाटलं.

सकाळी समुद्र शहाण्यासारखा होता. बंदराच्या भिंतीमागे, पायऱ्या उतरल्या की खडकांच्या मधे एक शांत पाण्याची जागा होती. दोघं नेहमी तिथूनच जायचे. भाला चढवलेली बंदूक जमिनीवर घ्यायची नाही, तो पाण्यातच चढवायचा, हाही त्यांचा नियम. धाकटा खांद्याएवढ्या पाण्यात गेला. उसवलेल्या ढोपरातून गार पाणी आत शिरलं आणि त्याने शिंपीणबाईंची मनातल्या मनात माफी मागितली. किती महिन्यांनी खारट पाणी ओठांना लागत होतं. डोळ्यांवरची काच थुंकी लावून पुसली. भाल्याचं शेपूट बंदुकीच्या तोंडात बसवलं. बंदुकीचा दस्ता मांडीवर टेकवला, दोन्ही हातांनी नळा घट्ट धरला, पाय वाळूत रोवले.

आणि थांबला.

कशासाठी थांबलाय ते त्याला क्षणभर कळलंच नाही. एक लाट आली, गेली. दुसरी आली. हा आपला नळा धरून, मान जरा बाजूला करून उभा. मान कशाला बाजूला केली? तर समोरच्याचं डोकं लागू नये म्हणून.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बंदूक दोघं भरायचे. धाकटा दस्ता मांडीवर धरायचा आणि थोरला समोर उभा राहून, दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून भाला आत दाबायचा, खट् ऐकू आलं की दोघं एकदम "हां!" म्हणायचे. असं करायचं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं झालं आणि मग होतच राहिलं. बंदरावरचे बाकी लोक आपापली बंदूक एकेकटे भरायचे, पण त्यांच्यात हवा कमी. थोरल्याला हवा भरपूर लागायची, कारण भरायला दोघं होते. आणि या शहाण्याने महिनाभर खपून, एक बुडबुडा निघू न देता, अगदी तेवढीच हवा भरून ठेवली होती. एकट्यासाठी बंदूक करायला बसला आणि दोघांची करून उठला.

मग सुरू झाला तमाशा. एका हाताने नळा, एका हाताने भाला. भाला वीतभर आत गेला आणि तसाच मागे आला. दस्ता पोटाला लावून बघितला, पोट कळवळलं. पायाच्या पंज्यावर उभी धरली आणि वरून जोर लावला, तर बंदूक वाळूत सरकली आणि हा तोंडावर पाण्यात. नाकातोंडात पाणी. काच निसटली ती चाचपडत शोधावी लागली. पुन्हा उभा राहिला, पुन्हा दाबला. तळहाताची साल निघाली, खारं पाणी झोंबलं. शेवटी तो त्या नळ्याला वेडेवाकडे शब्द बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण नळ्याला नाही, थोरल्याला बोलतोय. आणि बोलत नाही, रडतोय. समुद्रात एक बरं असतं, तोंड आधीच ओलं असतं.

ओला सूट अंगावर ठेवूनच तो घरी आला. जिन्यावर पाण्याचे डाग. शिंपीणबाईंनी मशीन थांबवून पाहिलं, मासा नाही हे पाहिलं, तळहात पाहिले, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

तसा उपाय सोपा होता. हवा थोडी सोडायची. व्हॉल्व्हवर बोट ठेवलं की झालं. मग बंदूक जरा मऊ होईल, भाला जवळच जाईल, पण एकट्याला भरता येईल. धाकट्याने बंदूक मांडीवर घेतली, व्हॉल्व्हवर बोट ठेवलं आणि बोट तसंच राहिलं. सोडायची किती? एका माणसाची हवा म्हणजे किती? त्याने कधी मोजलीच नव्हती. ते थोरल्याचं काम.

रविवार नव्हता. तरी त्याने फोन लावला. वर्षात पहिल्यांदा.

"काय झालं?" थोरल्याने पहिल्या घंटेलाच उचलला. "बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? एक विचारायचं होतं. बंदुकीत एकट्यापुरती हवा किती लागते?"

 थोरला सावकाश म्हणाला, "कुठल्या बंदुकीत?"

"बनवलीय मी."

"काय सांगतोस! दट्ट्या कशाचा?"

"गाडीच्या दाराचा."

थोरला जो हसला, तो खोकला येईपर्यंत हसला. "दाराचा! अरे मग मासा आत जाईल आणि म्हणेल पुढे सरका!" धाकट्यालाही हसू आलं, ते त्याने दाबलं, तरी नाकातून निघालंच. मग थोरल्याने एकेक विचारायला सुरुवात केली. रिंगा कुठल्या? चाप अडतो का? गळती? धाकटा सांगत गेला. आधी तुटक, मग भरभरून. बादलीतलं पाणी कसं आरशासारखं राहिलं ते सांगितलं. "एकही नाही? एकही बुडबुडा?" "एकही नाही." "शाब्बास रे माझ्या वाघा," थोरला म्हणाला. महिनाभराच्या कष्टांचं एवढंच हवं होतं त्याला. आणखी काही नको होतं.

"आणि हवा किती भरलीस?"

"आपली नेहमीची."

 "ती दोघांची," थोरला म्हणाला.

"कळलं मला. म्हणून तर फोन केला. सांग किती सोडू."

"फोन व्हॉल्व्हपाशी धर. हळूहळू सोड. मी ऐकतो."

"बास म्हण हं."

धाकट्याने फोन बंदुकीला टेकवला आणि बोट दाबलं. हवा सुटली. सुरुवातीला जोरात, दात आवळून शिट्टी मारावी तशी. धाकटा कान देऊन बसला. आता म्हणेल. थोरला बोलेना. आवाज उतरायला लागला. आता तर म्हणायलाच हवं. धाकट्याला अंदाज येत होता की एवढी हवा एका माणसाला बरोबर होईल, दोन क्षण बोट काढावंसं वाटलंही. पण थोरल्याने बास म्हणायच्या आधी बोट काढायची त्याला सवय नव्हती. हवा बारीक झाली. मग नुसता उसासा. आतला दट्ट्या सैल होऊन नळ्यात टक् करून आपटला आणि आवाज संपला.

"दादा?"

"हं."

"अरे, संपली सगळी."

"ऐकलं."

"तू बास म्हणालाच नाहीस!"

"नाही म्हणालो."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे काय? एवढ्या लांबून तू माझी बंदूक रिकामी करतोस? आधी एक पळवलीस, आता ही! तिथे तिचं काय लोणचं घातलंस?"

"पलंगाखाली आहे," थोरला म्हणाला. "तिचीही हवा काढलीय. आलो त्याच दिवशी. मला इथे ती कशाला हवी होती रे? तिथे ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी तू एकटा समुद्रात गेला असतास. तुला मी काय आज ओळखतो?"

"मग तेव्हाच सांगायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

 ऐकलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"आज गेलो होतो मी," धाकटा म्हणाला.

 "कुठवर?"

"खांद्याएवढ्या पाण्यात. दस्ता मांडीला लावला आणि उभा राहिलो. तू दाबशील म्हणून." मग ते बाहेर पडलं, जे तो वर्षभर "हं" आणि "ठीक"च्या मागे कोंडून बसला होता. "दादा, मला इथे करमत नाही रे. अजिबात करमत नाही."

 मागून वहिनीचा बारीक आवाज आला, "कोण आहे? आज रविवार आहे का?" "नाही," थोरला तिला म्हणाला. "धाकटा आहे. सहज केलाय." मग फोनमधे म्हणाला, "मला तरी कुठे करमतं? पण हिला सोडून मला यायचं नाही."

"येऊ नकोस. मी कुठे ये म्हणतोय?"

"तू ये थोडे दिवस. बंदुका दोन्ही खोलून साफ करू."

"बघू," धाकटा म्हणाला. म्हणजे येणार की नाही, ते त्यालाच माहीत नव्हतं. तिथे तीन माणसांच्या घरात हा चौथा कुठे झोपणार, आणि परत आल्यावर या खोल्या आणखी किती रिकाम्या वाटतील, हे त्याला बसल्या जागी दिसत होतं.

"वचन दे, एकटा जाणार नाहीस."

"रिकाम्या बंदुकीने कशाला जाऊ?"

"वचन दे."

"दिलं बाबा, दिलं."

बोलायचं संपलं. "ठेवू?" थोरला म्हणाला. "ठेव," धाकटा म्हणाला. कोणीच ठेवला नाही.

"खिडकी उघडी आहे का रे तुझी?" थोरल्याने विचारलं.

"आहे. का?"

"काही नाही. मघापासून मागे ऐकू येतोय."

धाकटा उठला. फोन खिडकीत नेला आणि समुद्राच्या बाजूला तोंड करून चौकटीवर ठेवला, मघाशी व्हॉल्व्हपाशी धरला होता तसाच. मग रिंगांचा डबा उचलून खुर्ची मोकळी केली आणि तिच्यावर बसला. भरती लागत होती. खाली शिंपीणबाईंचं मशीन चालत होतं, थांबत होतं. थोरला ऐकत होता आणि याही वेळी बास म्हणत नव्हता.